संचय-विकार : स्वभाव नव्हे, उपचार होऊ शकणारा आजार

उमरखेड तालुक्यातील ढाणकी हे बाजाराचे गाव. कापूस, सोयाबीन, तूर आणि हरभरा यांच्या हंगामावर येथील पेढ्यांचे वर्ष चालते. अशा गावात वस्तू जपून ठेवणे हा गुण मानला जातो, आणि तो गुणच आहे. रिकामे पोते झटकून घडी घालावे, सुतळीचा तुकडा गुंडाळून ठेवावा, पाठकोऱ्या कागदावर हिशेब करावा, ही शिकवण आपल्या वाडवडिलांनी गादीवर बसून दिली. तिच्या बळावर कित्येक घरे उभी राहिली.

परंतु एखादे घर असेही असते, जेथे ही जपणूक आपली मर्यादा सोडून बसते. दार अर्धेच उघडते, कारण मागे वर्तमानपत्रांचे गठ्ठे असतात. पलंगाच्या अर्ध्या भागावर जुने कपडे आणि अर्ध्यावर माणूस, अशी झोपण्याची व्यवस्था होते. स्वयंपाकघरात रिकाम्या डब्यांनी आणि प्लास्टिकच्या पिशव्यांनी ओटा व्यापलेला असतो. पाहुणे आले की त्यांना दुकानातच बसवले जाते. साधू-साध्वीजी गावात आल्या तरी गोचरीसाठी विनंती करण्यास घरातील सून कचरते. मुलीच्या स्थळाची माणसे येणार असली की बोलणी दुसऱ्याच्या घरी ठरवली जातात. शेजारी म्हणतात, "म्हातारा कंजूष आहे." नातेवाईक म्हणतात, "बाईला हाव सुटत नाही." घरचे काहीच म्हणत नाहीत, कारण बोलून बोलून ते थकलेले असतात.

अशा प्रत्येक घरात आजारच असतो असे नाही. परंतु काही घरांत तो असतो. वैद्यकशास्त्राने त्याला स्वतंत्र नाव दिले आहे, त्याची लक्षणे निश्चित केली आहेत आणि त्यावरील उपचारही विकसित केले आहेत. आपल्या वाचक-परिवारांना त्याची ओळख व्हावी, या हेतूने हा लेख.

नावाचा घोळ

या आजाराचे इंग्रजी नाव 'होर्डिंग डिसऑर्डर'. आपल्याकडे होर्डिंग म्हटले की चौकातील जाहिरातीचा फलक डोळ्यांसमोर येतो. व्यापाऱ्याला तर दुसराच अर्थ आठवतो, तो साठेबाजीचा. भाव वाढेल म्हणून माल दाबून ठेवणे ही साठेबाजी झाली. तिच्यासाठी अत्यावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ आहे. साठेबाजी करणारा माणूस हिशेबी असतो. त्याला माल केव्हा काढायचा हे नेमके ठाऊक असते.

येथे विषय आहे तो नेमका उलट. या माणसाला वस्तू काढताच येत नाही. भाव नसलेली, फुटलेली, कालबाह्य झालेली वस्तूसुद्धा हातातून सोडताना त्याला खरोखर यातना होतात. म्हणून या लेखात 'संचय-विकार' हा शब्द वापरला आहे.

१९९० पर्यंत या विषयाचा शास्त्रीय अभ्यास जवळजवळ झालेलाच नव्हता. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रँडी फ्रॉस्ट यांनी १९९० च्या दशकात तो पद्धतशीरपणे सुरू केला, आणि पुढे गेल स्टेकेटी यांच्यासह उपचाराची रीत बसवली. तोवर हा प्रकार मंत्रचळाचा, म्हणजे ओसीडीचा, एक भाग समजला जाई. अमेरिकन मनोविकार संघटनेने मे २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या निदानग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीत त्याला प्रथमच स्वतंत्र आजाराचे स्थान दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून अमलात आली, तिच्यातही तो स्वतंत्र आजार आहे. ज्या आजाराला नावच नव्हते, त्याच्या रुग्णांना इतकी वर्षे केवळ स्वभावाचा दोष लावला गेला, यात आश्चर्य नाही.

साठा, संग्रह आणि संचय-विकार

बँकेच्या नोकरीत मालतारण कर्जाच्या तपासणीसाठी गोदामे पाहावी लागत. चांगल्या व्यापाऱ्याचे गोदाम काठोकाठ भरलेले असले तरी त्यात चालायला वाट असे, थप्प्या मोजता येत, आणि कोणता माल केव्हा आला हे मुनीमजी वहीत दाखवू शकत. जुना पडलेला माल ते वेगळा दाखवत आणि तोटा सोसून काढतही. माल किती आहे यावर गोदामाची तब्येत ठरत नसे. माल हलतो की नाही, यावर ठरत असे.

घराच्या बाबतीतही हीच कसोटी लागू पडते. पुण्याच्या दिनकर केळकर यांनी आयुष्यभर देशभर हिंडून दिवे, अडकित्ते, दरवाजे, वाद्ये, भांडी अशा सुमारे २०,००० वस्तू जमवल्या. त्यातूनच राजा दिनकर केळकर संग्रहालय उभे राहिले आणि तो ठेवा त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आपल्या विदर्भातील कारंजा लाड येथील जैन शास्त्रभांडारांनी हस्तलिखिते शतकानुशतके जपली. त्यांतील अपभ्रंश ग्रंथ डॉ. हिरालाल जैन यांनी अभ्यासकांपुढे आणले. हा संग्रह होय. त्यात निवड असते, मांडणी असते, सूची असते, आणि तो दुसऱ्याला दाखवण्यात आनंद असतो.

संचय-विकारात निवड नसते. महत्त्वाची खरेदीखते, विजेची जुनी बिले, लग्नपत्रिका आणि मिठाईचे रिकामे खोके एकाच ढिगात असतात. ढीग दाखवण्याचा आनंद नसतो, उलट तो लपवण्याची धडपड असते. जागेचा मूळ उपयोगच नाहीसा होतो: पलंगावर झोपता येत नाही, चुलीवर रांधता येत नाही, स्नानगृहात स्नान करता येत नाही. संग्राहक आणि रुग्ण यांच्यातील भेद येथे स्पष्ट होतो.

निदान कशावरून होते?

तज्ज्ञ प्रामुख्याने पुढील गोष्टी पाहतात. पहिली, वस्तूची खरी किंमत काहीही असो, ती टाकणे किंवा देऊन टाकणे सातत्याने अवघड जाते. दुसरी, ती वस्तू जपलीच पाहिजे अशी आतून निकड वाटते आणि सोडताना मनाला क्लेश होतो. तिसरी, त्यामुळे राहण्याची जागा इतकी भरते की तिचा वापर करता येत नाही. आणि जागा मोकळी दिसत असेल तर ती घरच्यांनी वा इतरांनी आवरल्यामुळेच मोकळी असते. चौथी, यामुळे कुटुंबजीवन, कामधंदा किंवा सुरक्षितता यांवर परिणाम होतो. पाचवी, मेंदूची इजा, स्मृतिभ्रंश, तीव्र नैराश्य अशा अन्य आजाराने ही स्थिती आलेली नाही, याची खात्री करावी लागते.

पाचव्या मुद्द्याकडे आपण विशेष लक्ष द्यावे. संचय-विकाराची सुरुवात बहुधा किशोरवयात होते आणि तो वयाबरोबर हळूहळू वाढत जातो. आयुष्यभर नीटनेटक्या राहिलेल्या व्यक्तीने साठीनंतर अचानक कचरा गोळा करायला सुरुवात केली, तर ते स्मृतिभ्रंशाचे लक्षण असू शकते. तेव्हा वेळ न दवडता मेंदूविकारतज्ज्ञाकडे जावे.

बहुतेक रुग्णांत वस्तू आणण्याचा सोसही असतो. फुकट मिळाले म्हणून, सेल होता म्हणून, एकावर एक मिळत होते म्हणून वस्तू घरात येतात. पूर्वी त्यासाठी बाजारात जावे लागे. आता मोबाईलवर बोट टेकवले की दारात खोके येऊन पडते. कित्येक खोकी तर उघडलीही जात नाहीत.

हा आजार दुर्मीळ आहे असे समजू नये. बहुतांशी पाश्चात्त्य देशांत झालेल्या पाहण्यांवरून शंभर प्रौढांत दोन ते तीन जणांना तो असतो, असा अंदाज आहे. स्त्री-पुरुष दोघांतही आढळतो. उतारवयात त्याचे प्रमाण वाढते, कारण ढीग वर्षानुवर्षे साचत जातो आणि आवरणारे हात कमी होतात.

मनात काय चालते?

रुग्णाचे बोलणे शांतपणे ऐकले तर चार-पाच विचार पुन्हा पुन्हा ऐकू येतात. "कधी ना कधी लागेल." "टाकले आणि दुसऱ्याच दिवशी गरज पडली तर?" "ही वस्तू टाकणे म्हणजे वाया घालवणे, ते पाप आहे." "ही त्यांची आठवण आहे, ही गेली तर ते गेल्यासारखे होईल." "नजरेआड ठेवले तर विसरून जाईन." यांतील एकही विचार मुळात वेडगळ नाही. आपणा सर्वांच्या मनात ते येतात. फरक एवढाच की रुग्णाच्या मनात ते प्रत्येक वस्तूबद्दल, सारख्याच जोराने येतात. लग्नातील शालू आणि शालूची पिशवी यांत त्याचे मन भेद करू शकत नाही.

यामागे निर्णय घेण्याची अडचण असते. अमेरिकेतील डेव्हिड टोलिन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णांच्या मेंदूचे चित्रण केले. समोर कागद ठेवून 'ठेवायचा की टाकायचा' असे विचारले. कागद दुसऱ्याचा असताना मेंदूतील महत्त्व ठरवणाऱ्या भागांत हालचाल कमी दिसली. कागद स्वतःचा असताना ती निरोगी माणसांपेक्षा पुष्कळ अधिक दिसली. म्हणजे स्वतःची रद्दी हाती घेताच या माणसाच्या मेंदूत धोक्याची घंटा वाजते. घरच्यांना जो हट्ट वाटतो, तो त्याच्या दृष्टीने संकटाचा क्षण असतो.

आणखी एक समज दूर केला पाहिजे. "लहानपणी गरिबी भोगली म्हणून असे करतात," असे आपण सहज म्हणतो. आपल्या भागातील ज्येष्ठांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे, त्यामुळे हे पटतेही. परंतु भौतिक टंचाई आणि हा आजार यांचा ठोस संबंध संशोधकांना सापडलेला नाही. त्यापेक्षा जवळच्या माणसाचा मृत्यू, ताटातूट, मोठा आघात यांच्याशी त्याचा संबंध अधिक दिसतो. वैधव्यानंतर किंवा मुले परगावी गेल्यानंतर ढीग वाढू लागल्याचे अनेकदा आढळते. रुग्णांच्या रक्ताच्या नात्यातही हा कल पुष्कळदा असतो, आणि बहुतेकांना जोडीने नैराश्य वा चिंताविकार असतो.

दुर्लक्षाची किंमत

न्यूयॉर्कमधील होमर आणि लँगली कॉलियर या भावांचे प्रकरण या विषयात नेहमी सांगितले जाते. दोघेही सुशिक्षित, संपन्न घरातले. मार्च १९४७ मध्ये पोलीस त्यांच्या घरात शिरले तेव्हा अंध होमर मृतावस्थेत सापडला. लँगलीचा शोध सर्वत्र सुरू झाला. अडीच आठवड्यांनी तो त्याच घरात, भावापासून अवघ्या दहा फुटांवर, कोसळलेल्या ढिगाखाली सापडला. त्या घरातून १०० टनांहून अधिक सामान बाहेर काढावे लागले.

एवढ्या टोकाला गोष्टी क्वचितच जातात. परंतु लहान धोके रोजचे असतात. वृद्ध माणूस अडखळून पडतो आणि मांडीचे हाड मोडते. पावसाळ्यात ढिगाऱ्यात विंचू-साप आश्रय घेतात, हे आपल्या भागात वेगळे सांगायला नको. उंदीर, झुरळे, वाळवी यांचा सुळसुळाट होतो. पुढे औषध फवारून जी जीवहिंसा करावी लागते, ती वेगळीच. मुदत संपलेली औषधे चांगल्या औषधांत मिसळतात. आणि आगीचा धोका तर फार मोठा. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या अग्निशमन दलाच्या एका दशकाच्या नोंदी तपासल्या असता, निवासी आगींपैकी ०.२५ टक्के आगी अशा भरलेल्या घरांत लागल्या होत्या. टाळता येण्याजोग्या आगींतील मृत्यूंपैकी मात्र २४ टक्के मृत्यू त्या घरांत झाले होते. दार अडलेले असले की माणूस बाहेर पडू शकत नाही आणि मदत आत येऊ शकत नाही.

परिग्रह आणि आजार यांत गल्लत नको

आपल्या समाजात या विषयाला एक वेगळी बाजू आहे. अपरिग्रहाचे संस्कार आपण बालपणापासून घेतो. परिग्रह-परिमाण व्रतात श्रावकाने शेत, घर, सोने, चांदी, धनधान्य, भांडीकुंडी यांची मर्यादा ठरवायची असते. त्यामुळे घरातील ढीग पाहून "एवढी सामायिके केली, पण मोह सुटला नाही," असा टोमणा सहज तोंडून निघतो. रुग्णाला तो सर्वांत अधिक लागतो, कारण आधीच त्याच्या मनात लाज असते. लाज वाढली की तो दार आणखी घट्ट लावून घेतो.

तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवर केलेली नाही, तर मूर्च्छेवर, म्हणजे आसक्तीवर केली आहे, हे अभ्यासू वाचक जाणतात. लोभी माणूस वस्तूतून सुख मिळवू पाहतो. संचय-विकाराचा रुग्ण वस्तूंनी त्रस्त झालेला असतो, तरीही त्या सोडू शकत नाही. ताप आलेल्याला आपण उपवासाचा आग्रह धरत नाही, मग आजारी मनाला व्रताचे दाखले देऊन काय साधणार? उपचाराने मन सावरल्यानंतर मात्र परिमाणाची कल्पना त्याला उपयोगी पडते, कारण किती ठेवायचे हे आधी ठरवून ठेवणे हाच उपचाराचाही एक भाग आहे.

जीवदयेच्या बाबतीतही असेच घडते. क्वचित एखादी व्यक्ती कणवेपोटी इतकी कुत्री-मांजरे घरात आणते की त्यांचे अन्न, स्वच्छता, औषधपाणी काहीच सांभाळता येत नाही आणि ते मुके जीवच हाल भोगतात. हाही या विकाराचाच एक प्रकार आहे. पांजरपोळात चाऱ्याचा हिशेब असतो, पशुवैद्य असतो, जागेची मर्यादा पाहिली जाते. भावना तीच, परंतु व्यवस्थेमुळे तिचे रूपांतर सेवेत होते.

बळजबरीची सफाई का फसते?

घरच्यांना सुचणारा पहिला उपाय ठरलेला असतो. आजी यात्रेला गेल्या किंवा लेकीकडे गेल्या की मुले ट्रॅक्टर बोलावतात, भंगारवाल्याला हाक मारतात आणि दोन दिवसांत खोली लख्ख करतात. हेतू चांगलाच असतो. परंतु आजी परतल्यावर घरात जे घडते, ते ज्यांनी भोगले आहे त्यांनाच ठाऊक. रडणे, अन्न सोडणे, अबोला, आणि मुलांवरचा विश्वास कायमचा उडणे. काही महिन्यांत खोली पुन्हा भरते, आणि या वेळी कुलूपही लागते.

याचे कारण उघड आहे. ढीग हे लक्षण आहे. ताप उतरवण्यासाठी थर्मामीटर फोडून भागत नाही. टाकण्याचा निर्णय रुग्णाने स्वतः घेतला नसेल, तर निर्णय घेण्याची त्याची क्षमता वाढत नाही. भीती मात्र दुणावते. आगीचा, कोसळण्याचा वा रोगराईचा तातडीचा धोका असेल तर तेवढा भाग मोकळा करावाच लागतो. तोही शक्यतो रुग्णासमोर, त्याला सांगून आणि उपचार सुरू ठेवून.

उपचार कसे चालतात?

या आजारावर सर्वाधिक अभ्यासलेला उपचार म्हणजे बोधनात्मक वर्तनोपचार, ज्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून सीबीटी म्हणतात. विचार, भावना आणि वर्तन एकमेकांत गुंतलेले असतात. विचार तपासले आणि वर्तन थोडे थोडे बदलले की भावनाही बदलते, हा त्याचा पाया. ॲरन बेक आणि अल्बर्ट एलिस हे या विचारसरणीचे प्रवर्तक. एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात डॉ. किशोर फडके यांनी रुजवली, त्यामुळे मराठी वाचकाला ही वाट अनोळखी नाही.

फ्रॉस्ट आणि स्टेकेटी यांच्या पद्धतीत साधारण २६ बैठका असतात. त्यांतील काही रुग्णाच्या घरीच होतात. पहिल्या टप्प्यात एकही वस्तू टाकायची नसते. "घर मोकळे झाले तर आपणास काय करायला आवडेल?" असे उपचारक विचारतो. नातवंडांना सुट्टीत बोलवायचे असेल, स्वतःच्या ओट्यावर पुरणपोळी करायची असेल, महाराजसाहेबांना घरी विनंती करायची असेल. ही इच्छा रुग्णाच्या तोंडून यावी लागते, कारण पुढचे कष्ट तिच्याच बळावर होणार असतात. ढीग किती आहे हे ठरवण्यासाठी कमी-अधिक भरलेल्या खोल्यांची नऊ छायाचित्रे दाखवतात आणि आपली खोली कोणत्या चित्रासारखी आहे ते रुग्णच सांगतो.

दुसऱ्या टप्प्यात वर्गवारी शिकवतात: ठेवायचे, द्यायचे, विकायचे, टाकायचे. प्रत्येक वस्तूला एकदाच हात लावायचा आणि तिचे ठिकाण ठरवायचे. सुरुवात सोप्या, भावना न गुंतलेल्या वस्तूंपासून होते. आठवणींच्या वस्तू सर्वांत शेवटी. जागाही लहान निवडतात, एखादी खुर्ची, टेबलाचा एक कोपरा.

तिसरा टप्पा खऱ्या कसोटीचा. रुग्ण एक वस्तू टाकतो आणि मनाला होणारा त्रास शून्य ते शंभर अशा मापावर सांगतो. तासाभराने पुन्हा सांगतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा. सुरुवातीला नव्वदवर गेलेला आकडा कालांतराने आपोआप उतरतो, हे तो स्वतःच्या नोंदीत पाहतो. "टाकले तर सहन होणार नाही," हा विचार अशा रीतीने अनुभवानेच खोटा ठरतो. वस्तू न आणण्याचाही सराव असतो: उपचारकाबरोबर सेल लागलेल्या दुकानात जायचे, वस्तू हाताळायच्या आणि रिकाम्या हाताने परतायचे.

येथे बँकेच्या व्यवहाराची आठवण होते. थकलेले कर्ज अनुत्पादक केव्हा मानावे, हे एखाद्याच्या मर्जीवर सोडले तर "येतील हो पैसे, माणूस चांगला आहे," असे म्हणत वर्षे निघून जातात. म्हणून मुदतीचा नियम झाला, आणि ३१ मार्च २००४ पासून ती मुदत ९० दिवसांवर आली. नियमामुळे आशेला मर्यादा पडते. उपचारातही रुग्ण स्वतःचे नियम आधी लिहून ठेवतो. वर्षभरात न वापरलेला डबा द्यायचा. एकाच प्रकारच्या पाच पिशव्या पुरेत. कागदांच्या बाबतीत तर व्यापारी घरांना कायद्याचाच आधार घेता येतो: वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके आणि कागदपत्रे संबंधित वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. वाद वा अपील चालू असेल तर अधिक काळ. अन्य कायद्यांखालील मुदत आपल्या सनदी लेखापालाला विचारून लिहून ठेवावी. जमिनीची खरेदीखते, वाटणीपत्रे, मृत्युपत्रे मात्र कायम जपावीत. एकदा ही यादी भिंतीवर लागली की प्रत्येक कागदाशी झगडावे लागत नाही.

औषधांबद्दल सांगायचे तर, खास या आजारासाठी मान्यता मिळालेले असे औषध नाही. सोबत नैराश्य, चिंता किंवा एकाग्रतेचा विकार असेल तर मनोविकारतज्ज्ञ त्यावर औषध देतात आणि त्याने वर्तनोपचाराला बळ मिळते.

अपेक्षा मात्र वास्तव ठेवावी. या उपचाराने त्रास लक्षणीय कमी होतो, असे अभ्यास सांगतात. तरीही उपचारानंतर पुष्कळांच्या घरी थोडाफार पसारा शिल्लक राहतो आणि जपून राहावे लागते. मधुमेहासारखा हा सांभाळत नेण्याचा आजार आहे. ज्या घरात दार पूर्ण उघडू लागले, ओट्यावर स्वयंपाक होऊ लागला, ते घर उपचारात यशस्वी झाले असेच समजावे.

घरच्यांनी काय करावे?

- ढिगाला 'कचरा', 'भंगार' म्हणू नये. रुग्ण जो शब्द वापरतो, तोच वापरावा.
- बोलण्याची सुरुवात सुरक्षिततेपासून करावी. "बाबा, रात्री उठताना तुम्ही पडाल याची काळजी वाटते," हे "किती पसारा केला आहे," यापेक्षा अधिक ऐकले जाते.
- परवानगीवाचून एकही वस्तू हलवू नये. दिलेला शब्द पाळावा.
- पहिले उद्दिष्ट मोकळी वाट हे असावे: पलंगापासून दारापर्यंत, दारापासून स्नानगृहापर्यंत, आणि चुलीभोवती कागद-कापड नसावे.
- वस्तू सत्पात्री जाईल याची खात्री दिली की सोडणे सोपे जाते. चांगले कपडे, भांडी, पुस्तके गरजूंना, शाळेला, वाचनालयाला द्यावीत. मात्र "योग्य माणूस मिळेपर्यंत ठेवू," या सबबीवर ढीग अडू देऊ नये; आठवड्याचा वार ठरवावा.
- टाकलेल्या वस्तूचे लगेच नवे सामान घरात आणू नये. बोहारणीकडून कपड्यांवर भांडी घेतली तर हिशेब जागच्या जागीच राहतो.
- लहान यशाचे मनापासून कौतुक करावे.
- घर सांभाळणाऱ्या सुनेकडे आणि मुलांकडे दुर्लक्ष करू नये. वर्षानुवर्षे अशा घरात राहणाऱ्यांनाही समुपदेशनाची गरज असते.

मदत कोठे मिळेल?

'टेलि-मानस' ही भारत सरकारची दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. फोन विनामूल्य असून मराठीतही बोलता येते. रुग्ण तयार नसेल तर घरच्यांनीच आधी फोन करून सल्ला घ्यावा. यवतमाळ येथे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ढाणकी-उमरखेड परिसराला नांदेड जवळ पडते, तेथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूर येथे शासनाचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेली 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था मानसिक आरोग्याचे काम मराठीतून करते. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये मंत्रचळ आणि संबंधित विकारांसाठी खास विभाग आहे. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ निवडताना त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे ना, हे विचारावे. विचारण्यात संकोच नसावा. वर्तनोपचाराच्या काही बैठका आता व्हिडिओ कॉलवरही होतात. त्यामुळे गावातील लोक पाहतील ही भीती बाळगण्याचे कारण उरत नाही.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आहे. त्याने प्रत्येक नागरिकाला शासकीय व्यवस्थेत मानसिक उपचार मिळण्याचा हक्क दिला, उपचाराची गोपनीयता राखण्याचे बंधन घातले, आणि शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही आरोग्य विम्याचे संरक्षण देण्यास विमा कंपन्यांना सांगितले. आपली विमापत्रे काढून त्यातील अटी एकदा वाचाव्यात.

यंदा दिवाळीची आवराआवर काढताना एखादी व्यक्ती माळ्याच्या शिडीपाशी आडवी उभी राहिली, तिचे हात थरथरू लागले, आवाज चढला, तर तिच्याशी वाद घालू नये. माळा तसाच राहू द्यावा. तिला खाली बसवावे, पाणी द्यावे आणि विचारावे, "यातले तुम्हाला सर्वांत जवळचे काय आहे?" पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्यावी.